कणीस कुणाचं?

पोस्ट मोठी आहे. चहा टाका, मुलं झोपली की निवांत वाचा. शेवटी कृती दिली आहे. ज्यांना फक्त तीच हवी त्यांनी सरळ खाली जावं, राग नाही!

गेल्या जुलैतली गोष्ट. आम्ही योकोहामात त्सुझुकी भागात राहतो. इथे इमारतींच्या मधेमधे अजून शेतं आहेत आणि शेताच्या कडेला बिनमाणसांची दुकानं. फळीवर भाजी मांडलेली असते, आपण घ्यायची आणि डब्यात पैसे टाकायचे. तिथून मी सकाळी तोडलेली पाच कणसं आणली, कारण लेकीच्या वर्गातल्या दोघी मैत्रिणी घरी येणार होत्या. आमच्या बाल्कनीत कोळसे पेटवायला परवानगी नाही, म्हणून गॅसच्या खाली मासे भाजायचा जो कप्पा असतो ना, त्यात कणसं भाजली. ताटलीत मीठ-तिखट आणि लिंबाच्या फोडी ठेवल्या आणि मी चहा करायला आत गेले.

बाहेर येऊन बघते तर काय, लेकीने लिंबू कणसावर पिळलं होतं. इकडे कारागे चिकनवर पिळतात ना, अगदी तसं. मग चिमटीने वरून तिखट भुरभुरलं. सगळं ओघळून ताटलीत गोळा झालेलं. आणि बाईसाहेब मैत्रिणींना जपानीत सांगतायत, "याला एलोते म्हणतात. मेक्सिकोचं असतं. मी व्हिडिओत बघितलंय."

खरं सांगते, मला लागलं. मी म्हटलं, "मेक्सिकोचं कसलं? आपलं आहे ते. तुझे आजोबा आम्हाला पावसात सिंहगडावर घेऊन जायचे, तेव्हा हेच खायचो आम्ही." त्यावर नऊ वर्षांच्या मुलीने शांतपणे विचारलं, "आपलं म्हणजे? तोमोरोकोशी भारतात उगवला का पहिल्यांदा?"

दोन गोष्टी एकदम कळल्या. एक, मला उत्तर येत नव्हतं. दुसरी जास्त टोचली. माझ्या मुलीला 'कणीस' हा शब्दच आठवला नव्हता, आणि लिंबाची फोड मीठ-तिखटात बुडवून कणसावर घासायची असते हे तिला कुणी दाखवलंही नव्हतं. कुणी म्हणजे मीच. आजोबा आता नाहीत.

मग रात्री वाचत बसले. जे सापडलं ते तुमच्यासाठी लिहिते आहे, कारण आज ना उद्या तुमच्याही घरात हा प्रश्न येणारच.

तर, लेक बरोबर होती. मका मेक्सिकोचाच. नैर्ऋत्य मेक्सिकोत बाल्सास नावाची नदी आहे. तिच्या खोऱ्यात तेओसिंते नावाचं एक रानगवत उगवतं. त्याच्या कणसात दहाबारा दाणे, तेही दगडासारख्या कवचात. साधारण ९००० वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी त्यातली बरी रोपं निवडून पेरायला सुरुवात केली. पिढ्यानपिढ्या निवडत निवडत त्या गवताचा मका झाला. तो इतका माणसाळला की आता स्वतःहून उगवू शकत नाही. दाणे दांड्याला घट्ट चिकटलेले आणि वरून पानांत गुंडाळलेले. माणसाने सोलून पेरला नाही तर मका दोन-चार वर्षांत संपेल. जगातलं हे एवढं मोठं पीक आणि ते पूर्णपणे माणसाच्या हातावर अवलंबून!

'एलोते' हा शब्दही तिथलाच. नाहुआत्ल भाषेत कोवळ्या कणसाला 'एलोत्ल' म्हणतात. ही आस्तेक लोकांची भाषा, आजही मेक्सिकोत लाखो लोक बोलतात. तुमची मुलं या भाषेतले शब्द रोज वापरतात बरं का. टोमॅटो, चॉकलेट, अवोकाडो हे सगळे मूळचे नाहुआत्ल.

पण आजच्या एलोतेकडे नीट बघा. भाजलेलं किंवा उकडलेलं कणीस, त्यावर मेयॉनीज, वर किसलेलं कोतिहा चीज, तिखट आणि लिंबू. यातला मका आणि मिरची तेवढी मेक्सिकोची. गायी स्पॅनिश लोकांनी समुद्रापलीकडून आणल्या, त्याआधी त्या खंडात गाय नव्हतीच, मग चीज कुठलं? मेयॉनीज युरोपातलं. आणि लिंबू? लिंबू आपल्या आशियातलं. अरब व्यापाऱ्यांबरोबर ते भूमध्य समुद्राकडे गेलं आणि तिथून स्पॅनिश जहाजांतून अमेरिकेत.

आता आपलं सिंहगडावरचं कणीस घ्या. मका त्यांचा, मिरची त्यांची, लिंबू आपल्याकडचं. म्हणजे एका फोडीत आणि एका कणसात दोन्ही खंडांची देवाणघेवाण झालेली आहे. ते लोक लिंबू पिळतात, आपण घासतो, एवढाच काय तो फरक!

मका आणि मिरची आपल्याकडे पोर्तुगिजांच्या काळात आली. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतलं आणि पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत त्यांच्या जहाजांतून काय काय उतरलं याची यादी केली तर हसू येतं. बटाटा (शब्दसुद्धा पोर्तुगीज), काजू, अननस, पेरू. उपासाची साबुदाण्याची खिचडी आठवा. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिथलाच. बटाटा तिथला, मिरची तिथली. तूप, जिरं, मीठ सोडलं तर आपल्या एकादशीच्या ताटात सगळे परदेशी. आणि आपण म्हणतो, उपासाला परकं काही चालत नाही!

गंमत म्हणजे हा दाणा जिथे गेला तिथे लोकांनी त्याला कुठल्या तरी तिसऱ्याच गावाचं नाव दिलं. इटलीत त्याला 'तुर्की धान्य' म्हणाले. आपल्याकडे 'मका' हे नाव मक्केवरून पडलं असं सांगतात. आणि जपानीत 'तोमोरोकोशी'. यात 'तो' म्हणजे तांग, म्हणजे चीन, आणि 'मोरोकोशी' म्हणजे ज्वारी. त्या 'मोरोकोशी'चा जुना अर्थही चीनच! चीनची चिनी ज्वारी. मेक्सिकोचं नाव कुणीच घेतलं नाही.

हे वाचताना मी 'ज्वारी' या शब्दापाशी थांबले. कारण जपान्यांनी जे केलं तेच आपणही केलं आहे. 'कणीस' हा शब्द मक्याच्या आधीपासून आहे. ज्वारीचं कणीस, बाजरीचं कणीस. थंडीत शेतात गोवऱ्यांची आगटी पेटवून ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, गरम गरम हातावर चोळून दाणे काढायचे, तो हुरडा. मका आला तेव्हा आपल्या माणसांकडे शब्दही तयार होता आणि कोवळं कणीस विस्तवावर भाजायची सवयही. पाहुणा नवा, पण त्याला बसायला पाट जुनाच दिला. (आणि ज्वारी तरी कुठली आपली? तीही हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेली. पण ते पुन्हा कधीतरी.)

जपानमध्येही हेच. इथे मका १५७९ च्या सुमारास पोर्तुगीज जहाजांतून नागासाकीला आला असं मानतात. भात जिथे नीट येत नाही अशा डोंगराळ भागांत, फुजीच्या पायथ्याशी वगैरे, तो रुजला. मग मेइजी काळात होक्काइदोत अमेरिकन तज्ज्ञ आणि अमेरिकन बियाणं आलं आणि मका तिकडचाच होऊन गेला. साप्पोरोच्या रस्त्यावर भाजल्या जाणाऱ्या मक्याच्या वासावर इशिकावा ताकुबोकू या कवीची एक छोटी कविता आहे. तो १९०७ मध्ये काही दिवस तिथे राहिला होता. आज साप्पोरोच्या ओदोरी पार्कमध्ये त्याचा पुतळा आहे आणि त्याच पार्कात गाड्यांवर भाजलेलं कणीस मिळतं. त्यांनी काय केलं? त्यांच्या घरात आधीपासून होता तो सोया सॉस लावला. उन्हाळ्यात कुठल्याही मात्सुरीत जा, तो करपट गोड वास येतोच.

आणि मेक्सिको आपल्याला वाटतं तितका योकोहामापासून लांब नाही. तोक्यो बेच्या पलीकडे चिबा. तिथे पॅसिफिकच्या बाजूला ओंजुकू नावाचं मासेमारीचं गाव आहे. ३० सप्टेंबर १६०९ ला मनिलाहून मेक्सिकोतल्या आकापुल्कोला निघालेलं 'सान फ्रान्सिस्को' नावाचं जहाज तिथे वादळात फुटलं. गावकऱ्यांनी ३१७ माणसं वाचवली. बुडी मारून शंख-शिंपले काढणाऱ्या आमा बायका त्यात पुढे होत्या असं गावात सांगतात. तोकुगावा इएयासूने पुढे त्या लोकांना परतायला जहाज दिलं. १८८८ मध्ये मेक्सिकोने जपानशी बरोबरीच्या नात्याने तह केला. त्या काळात पाश्चात्त्य देशांचे जपानशी झालेले तह एकतर्फी होते, म्हणून याचं इथे अजून कौतुक आहे. लेकीला म्हटलं, तुझ्या एलोतेचे लोक इथे चारशे वर्षांपूर्वी येऊन गेलेत. तिला ते फार आवडलं.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग सांगते. तो वाचून मी पुस्तक मिटून बसले होते.

मेक्सिकोत वाळलेला मका नुसता दळून खात नाहीत. तो चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर भिजत ठेवतात, सकाळी चोळून धुतात आणि मग वाटतात. याला निश्तामाल म्हणतात. त्याच पिठाच्या तोर्तिया. हे का करायचं हे विचारलं तर जुनी आजी इतकंच सांगणार की असंच करतात. पण त्यात शास्त्र आहे. मक्यातलं नायासिन हे जीवनसत्त्व अशा रूपात बांधलेलं असतं की आपल्या अंगी लागत नाही. चुना ते मोकळं करतो.

युरोपियन लोकांनी दाणा नेला. चुना नेला नाही. आजीला कुणी विचारलंच नाही. मका भरपूर पिकायचा, स्वस्त होता, मग स्पेन-इटलीतली गरीब माणसं जवळजवळ तेवढ्यावरच जगायला लागली. आणि एक विचित्र आजार आला. कातडी लाल होऊन सोलायची, पोट बिघडायचं, शेवटी डोकं भ्रमिष्ट व्हायचं. १७३५ मध्ये गास्पार कासाल या स्पॅनिश डॉक्टरने त्याचं वर्णन केलं. पुढे त्याला पेलाग्रा नाव पडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात याच आजाराने हजारो माणसं दगावली. लोकांना वाटायचं हा संसर्ग आहे. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरने १९१४ पासून खटपट करून दाखवलं की दोष जंतूंचा नाही, ताटाचा आहे. नेमकं जीवनसत्त्व कळायला १९३७ उजाडलं. म्हणजे मेक्सिकोतल्या आज्यांना जे हजारो वर्षं हातात होतं, ते बाकीच्या जगाला कळायला कासालनंतरही दोनशे वर्षं लागली.

(घाबरू नका हं. कोवळं कणीस अधूनमधून खाल्ल्याने काही होत नाही. मेक्सिकोतही एलोतेला चुना लावत नाहीत. प्रश्न फक्त वाळलेल्या मक्यावरच पोट भरणाऱ्यांचा होता.)

मला यातून जे उमगलं ते एवढंच. दाणा कुठेही पोहोचतो. त्याला जहाज पुरतं. रीत मात्र आपोआप जात नाही. ती कुणीतरी हातात धरून न्यावी लागते, आणि शेजारी बसून दाखवावी लागते.

आपल्या मुलांना दाणे सगळे मिळतायत. पोहे, रवा, हळद, गोडा मसाला, सगळं दुकानात किंवा एका क्लिकवर. भाकरीचं पीठसुद्धा येतं. पण थापायची कशी, हे पिशवीवर लिहिलेलं नसतं. मी लेकीसमोर कणीस ठेवलं, लिंबू ठेवलं, तिखट ठेवलं, आणि आत चहा करायला निघून गेले. मी दाणा दिला, रीत दिली नाही. मग तिने तिला माहीत असलेली रीत लावली, कारागेची. तिचं काय चुकलं?

आणि हो, 'आपलं' या शब्दाचंही उत्तर मला त्यातच मिळालं. उगम कुठला यावर 'आपलं' ठरत असतं तर आपलं जवळजवळ काहीच उरणार नाही. आपण हातांनी जे करतो आणि पुढच्या हातात देतो, ते आपलं. एलोते मेक्सिकोचंच. पण लिंबाची फोड मीठ-तिखटात बुडवून, कणीस फिरवत फिरवत, दाण्यादाण्यात शिरेल अशी घासायची, ही रीत माझ्या बाबांची.

योकोहामात याचा एक पुरावा उभा आहे. तुम्ही यामाशिता पार्कमध्ये दिवाळीच्या कार्यक्रमाला गेला असाल. हे पार्कच मुळी १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपातल्या ढिगाऱ्याची भर समुद्रात टाकून केलं, १९३० मध्ये उघडलं. त्याच्या एका कोपऱ्यात घुमटाची छोटी वास्तू आहे, तिला 'इंदो सुइतो' म्हणतात, म्हणजे भारतीय पाण्याचा मनोरा. १८५९ मध्ये हे बंदर उघडल्यावर रेशमाच्या व्यापारासाठी भारतीय व्यापारी इथे येऊन राहिले होते. भूकंपात त्यांच्यातलीही माणसं गेली. शहराने वाचलेल्यांना आधार दिला. त्या मदतीचे आभार म्हणून आणि गेलेल्यांच्या आठवणीसाठी भारतीय व्यापाऱ्यांनी ही वास्तू शहराला दिली. आत पाणी पिण्याची सोय केलेली होती.

मी इतकी वर्षं तिच्यासमोर फोटो काढत होते, आणि त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं. अहो, ही तर पाणपोई आहे! गेलेल्या माणसाच्या नावाने तहानलेल्याला पाणी पाजायचं. ती माणसं मराठी नव्हती, पण ही रीत आपल्या प्रत्येक गावाला माहीत आहे. कुणीतरी ती हातात धरून समुद्रापार आणली आणि योकोहामाला देऊन टाकली. योकोहामा आणि मुंबई १९६५ पासून भगिनी-शहरं आहेत, ते कागदावर. मला तो नळ जास्त खरा वाटतो.

असो. आता कृती, दोन्ही प्रकारची. चार कणसांसाठी.

आधी कणीस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथे ताजं मिळतं. तोडल्यावर त्यातली साखर भराभर कमी होते, म्हणून आणल्या दिवशीच करा. इथला मका फार गोड आणि रसाळ असतो. आपल्याकडचं गावरान कणीस पिठूळ, चावायला लागणारं. मेक्सिकोतही एलोतेला असाच कमी गोड, पिठूळ मका वापरतात. म्हणजे आपली लहानपणची चव इथल्या मक्यापेक्षा मेक्सिकोच्या जवळची निघाली! त्यामुळे इथे तिखट आणि लिंबू थोडं जास्तच लागतं.

पानं न काढता एकेक कणीस मायक्रोवेव्हमध्ये ६०० वॉटवर पाच मिनिटं. मग सोला, केस काढा, सुरी सांभाळून अर्धं करा, नाहीतर माशांच्या कप्प्यात वर टेकतं. कप्पा आधी स्वच्छ घासा, नाहीतर बांगड्याचा वास लागेल (अनुभव आहे). मोठ्या आचेवर आठ ते दहा मिनिटं, दर दोन मिनिटांनी फिरवत, काळे ठिपके पडेपर्यंत. आधी शिजलेलं असल्यामुळे आतून कच्चं राहत नाही.

मेक्सिकन पद्धतीसाठी: तीन मोठे चमचे मेयॉनीज, दोन मोठे चमचे आंबट क्रीम किंवा चक्का, पाव चमचा मीठ, एक पाकळी लसूण किसून. गरम कणसाला ब्रशने लावा. कोतिहा चीज इथे सहज मिळत नाही, त्याऐवजी किसलेलं पार्मेझान चार मोठे चमचे. वर तिखट, कोथिंबीर (इथे 'पाकुची' म्हणून मागा) आणि लिंबू पिळून. इथलं मेयॉनीज, क्यूपी वगैरे, अंड्याचं असतं. अंडं न खाणाऱ्यांनी नुसता चक्का घ्यावा, छान लागतो. लहान मुलांसाठी तिखटाऐवजी गोडी पाप्रिका.

आपल्या पद्धतीसाठी: दोन चमचे मीठ, एक चमचा लाल तिखट, एका ताटलीत एकत्र. लिंबू अर्धं कापा. फोड ताटलीत दाबा. कणीस डाव्या हातात, फोड उजव्या हातात. वरून खाली घासत जा आणि कणीस फिरवत राहा. पिळू नका. रस आपोआप सुटतो आणि तिखट दाण्यांच्या फटीत जाऊन बसतं.

आणि हे मुलांच्या हातून करून घ्या. तुम्ही करून देऊ नका.

त्या दिवशी शेवटी मी परत बसले, लेकीच्या हातात फोड दिली आणि तिच्या हातावर माझा हात ठेवून पहिलं कणीस घासलं. दुसरं तिने एकटीने घासलं. तिसरं मैत्रिणीला दाखवत, जपानीतून. "पिळायचं नाही, घासायचं." फक्त एक शब्द तिला जपानीत सुचला नाही, तो मराठीतच राहिला.

"हे तोमोरोकोशी नाही," ती म्हणाली, "हे कणीस."

तुमच्या गावाकडे काय म्हणतात, कणीस, भुट्टा, बुट्टा? आणि तुमच्या घरात अशी कुठली रीत आहे, जी मुलांना अजून दाखवायची राहून गेली आहे? लिहा नक्की. वाट बघते.